मैदानाला लागून घर

कोणी घराचा पत्ता विचारला की आपण मशिदीची, शाळेची नाहीतर एस.टी. स्टँडची खूण सांगतो. माझ्या लेकीचे घर इंग्लंडमधल्या लुटन शहरात आहे आणि त्या घराची खूण आहे फुटबॉलचे मैदान. लंडनच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर हे शहर आहे. वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास. विमानतळामुळे पुष्कळांनी त्याचे नाव ऐकलेले असते, पण शहर पाहायला म्हणून तेथे सहसा कोणी जात नाही. २०२३ च्या रमजान ईदनंतर मी तेथे सहा महिन्यांसाठी गेले आणि त्याच उन्हाळ्यात या शहराचा क्लब, लुटन टाऊन, इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये पोचला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. पावसाळ्यात पोरे शाळेमागच्या चिखलात चेंडू लाथाडत, तेवढाच माझा फुटबॉलशी संबंध. कोल्हापूरच्या आमच्या पाहुण्यांकडे तालमींच्या संघांवरून एकाच घरात दोन तट पडलेले मी पाहिले आहेत, पण ते वेड आमच्या कोकणात कधी आले नाही. तेव्हा खेळातले बारकावे सांगण्यासाठी हा लेख नाही. लेकीच्या सासरचे घर आणि हा क्लब यांच्यात फार तर दोनशे पावलांचे अंतर आहे. पन्नास वर्षे दोघे शेजारी राहिले, पण या घरातले कोणी त्या दारातून आत गेले नव्हते. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे, हे या मासिकाच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको. पण शेजारी जेव्हा माणूस नसून एक क्लब असतो, तेव्हा काय करायचे, हा प्रश्न मला लुटनमध्ये पहिल्यांदा पडला.

लेक राहते तो भाग बरी पार्क. लुटनच्या लोकसंख्येत आज सुमारे एक तृतीयांश मुस्लिम आहेत आणि बरी पार्क हा त्यांचा जुना मोहल्ला. डन्स्टेबल रोड हा त्याचा मुख्य रस्ता. हलाल मटणाची दुकाने, मिठाईवाले, कापडवाले, सोनार, भाजीच्या टोपल्या फुटपाथवर. मीरपूरकडचे पाकिस्तानी आणि सिल्हेटचे बांगलादेशी जास्त, आणि आमच्यासारखी कोकणी घरे अगदी मोजकी. चालत जाण्याच्या अंतरावर अनेक मशिदी. आणि या सगळ्याच्या मधोमध, एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या दुमजली घरांच्या गर्दीत, केनिलवर्थ रोडचे हे मैदान. मैदान म्हटल्यावर भोवती मोकळी जागा, मोठे फाटक, गाड्यांचा तळ असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. येथे तसे नाही. ओक रोडवर तर घरांच्या रांगेतच पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी प्रवेशद्वार काढलेले आहे. खाली दार आणि वर माणसे राहतात. आत शिरून जिना चढायचा, तर दोन्ही बाजूंना लोकांची परसे दिसतात. कोणाचे कपडे वाळत आहेत आणि कोणाच्या परसात मुलांची सायकल पडली आहे, हे बघत प्रेक्षक आपल्या खुर्चीपर्यंत जातो.

क्लबची स्थापना १८८५ ची. लुटन पूर्वी टोप्या बनवणाऱ्यांचे शहर होते, म्हणून क्लबला ‘हॅटर्स’ म्हणतात. १९०५ साली क्लब केनिलवर्थ रोडवर आला. त्याच वर्षी व्हॉक्सहॉलचा मोटारींचा कारखानाही लुटनमध्ये आला. पुढे याच कारखान्याच्या कामासाठी देशोदेशीची माणसे या शहरात आली. आमचे व्याही त्यांतलेच. खेड तालुक्यातले. आधी जहाजावर होते, मग १९७३ मध्ये लुटनला उतरले आणि निवृत्त होईपर्यंत मोटारींच्या जुळणीच्या लाइनवर उभे राहिले. घर त्यांनी मैदानाजवळ घेतले, कारण तेथे घर स्वस्त मिळाले. मैदान जवळ होते, म्हणूनच ते स्वस्त होते.

मी त्यांना भाईसाहेब म्हणते, ते मला आपा म्हणतात. त्यांच्या तोंडून जुन्या शनिवारांच्या हकिकती मी ऐकल्या आहेत. सामना शनिवारी दुपारी असे. दुपारच्या आधीच गल्लीतल्या बाया मुलांना आत बोलावत. दाराला कडी, खिडकीला पडदा. सामना संपून गर्दी पांगेपर्यंत कोणी बाहेर पडायचे नाही. एकदा भाईसाहेब कामावरून परतत असताना एका टोळक्याने त्यांची टोपी उडवली आणि हसत पुढे गेले. ते कोण, कुठले, कोणत्या संघाचे, की कोणत्याच संघाचे नव्हते, हे त्यांना कधीच कळले नाही. त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि घरी येऊन बायकोला काहीही सांगितले नाही. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली ती पन्नास वर्षांनी, तीही मुलगा खोलीत नसताना.

तो काळ इंग्लंडच्या फुटबॉलसाठीच वाईट होता. १३ मार्च १९८५ रोजी एफ.ए. कपच्या सामन्यात मिलवॉल क्लबच्या समर्थकांनी केनिलवर्थ रोडवर मोठी दंगल केली. खुर्च्या उपटून फेकल्या, पोलिस जखमी झाले. त्यानंतर लुटनच्या क्लबने काही वर्षे बाहेरगावच्या प्रेक्षकांना मैदानात येऊच दिले नाही. ज्या घरांच्या भिंती मैदानाला लागून होत्या, त्या घरांतल्या माणसांनी आपली दारे का लावून घेतली, हे समजायला फार अक्कल लागत नाही. पण लावून घेतलेल्या दाराची एक गंमत असते. बाहेरचे वादळ शमले तरी घरातल्यांना ते उघडायची आठवण राहत नाही.

आता क्लबची चढउतार सांगते. ती मला माझ्या नातवाने शिकवली. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मी शिक्षिका, म्हणून मी ती इयत्तांच्या हिशेबाने समजून घेतली. इंग्लंडमध्ये वरच्या चार इयत्तांत मिळून ९२ क्लब असतात. सर्वांत वर प्रीमियर लीग, तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन आणि लीग टू. दरवर्षी प्रत्येक इयत्तेतले वरचे काही क्लब वर चढतात आणि तळाचे काही खाली उतरतात. या चारांच्या खाली पाचवी इयत्ता असते. तेथे गेलेल्या क्लबला लोक ‘लीगबाहेरचा’ म्हणतात.

लुटन टाऊन पूर्वी सर्वांत वरच्या इयत्तेत होता. १९८८ मध्ये अंतिम सामन्यात आर्सेनलला ३-२ हरवून त्याने लीग कप जिंकला. १९९२ मध्ये तो खाली उतरला आणि नेमके त्याच वर्षी वरच्या लीगचे नाव प्रीमियर लीग झाले, तिच्याकडे टीव्हीच्या पैशांचा ओघ सुरू झाला. तो पैसा लुटनच्या वाट्याला आलाच नाही. पुढे क्लबचा कारभार बिघडला. कर्ज झाले, दिवाळखोरीची वेळ आली. २००७, २००८ आणि २००९ अशा लागोपाठ तीन वर्षी क्लब एकेक इयत्ता खाली घसरला. २००८-०९ च्या हंगामात तर जुन्या मालकांच्या काळातल्या आर्थिक गैरव्यवहारांसाठी आणि दिवाळखोरीतून बाहेर पडताना झालेल्या नियमभंगासाठी मिळून क्लबचे ३० गुण कापले गेले. म्हणजे परीक्षेला बसण्याआधीच विद्यार्थी उणे तीसवर. तो नापास होणार हे ठरलेलेच होते. क्लब लीगबाहेर गेला.

२००९ हे साल शहरासाठीही वाईट होते. मुस्लिमविरोधी घोषणा देत देशभर फिरलेली ‘इंग्लिश डिफेन्स लीग’ ही संघटना त्याच वर्षी लुटनमध्ये उभी राहिली. शहराचे नाव वर्तमानपत्रांत आले की ते भांडणासाठीच, असे दिवस होते. जावई सांगतात, बाहेरगावी कोणी ‘कुठला?’ म्हणून विचारले की लुटनचे लोक, मग ते गोरे असोत की आपले, जरा घुटमळूनच उत्तर देत.

अशा वेळी क्लब हातात घेतला तो त्याच्यावर जीव असलेल्या काही समर्थकांनी. त्यांच्याजवळ अमाप पैसा नव्हता. त्यांनी उधळपट्टी थांबवली, हिशेब सरळ केला, आणि मोठ्या नावांच्या मागे न लागता खालच्या लीगमधले, दुसऱ्यांनी बाजूला टाकलेले खेळाडू शोधले. २०१४ मध्ये त्यांनी समर्थकांच्या संघटनेला असा हक्क दिला की तिच्या संमतीशिवाय क्लबचे नाव, रंग आणि बोधचिन्ह कोणालाही बदलता येणार नाही. मैदानात काम करणाऱ्यांना किमान वेतनापेक्षा जास्त, घर चालेल एवढे वेतन द्यायचेही त्याच वर्षी ठरवले. जर्सीवर जुगाराच्या कंपनीचे नाव घ्यायचे नाही, हे धोरणही त्यांनी ठेवले. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये जुगार कंपन्यांचा पैसा केवढा आहे हे पाहिले, तर ही गोष्ट लहान नाही.

तरी यश लगेच आले नाही. लीगबाहेर पाच हंगाम गेले. त्यांतल्या तीन हंगामांत क्लब वर चढण्याच्या शेवटच्या लढतींपर्यंत पोचून हरला. एकदा तर पेनल्टींवर. २०१४ मध्ये १०१ गुण मिळवून तो पहिला आला आणि चौथ्या इयत्तेत परतला. २०१८ मध्ये तिसरी, २०१९ मध्ये दुसरी. पेली-रडॉक म्पान्झू नावाचा एक खेळाडू २०१३ च्या अखेरीस, क्लब लीगबाहेर असताना आला आणि पाचवीपासून पहिलीपर्यंत त्याच क्लबबरोबर चढत गेला. एकाच क्लबमधून असा प्रवास करणारा तो पहिलाच. “नानी, तो शाळा न बदलता पास होत गेला,” असे नातवाने मला माझ्याच भाषेत समजावले.

मी पोचले तेव्हा घरात याच क्लबवरून एक थंड भांडण चालू होते. नातवाला त्याच्या शाळेतल्या मुलांबरोबर एका लहान मुलांच्या संघात खेळायचे होते. सराव मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. तीच वेळ मदरशाची. लेकीला वाटे, मुलगा दिवसभर मोबाईल घेऊन बसण्यापेक्षा धावेल तर बरे. जावई गप्प. ते लहानपणी रस्त्यावर चांगले खेळत, असे त्यांचे मित्र सांगतात. पण त्यांना कोणी संघात घातले नाही आणि त्यांनीही कधी हट्ट केला नाही. इंग्लंडमध्ये दक्षिण आशियाई घरांतून आलेले व्यावसायिक खेळाडू आजही अगदी थोडे आहेत. त्याचे एक कारण मला त्या स्वयंपाकघरात दिसले: बापाने स्वतःसाठी जे मागितले नाही, ते मुलासाठी कसे मागावे हे त्याला कळत नव्हते.

भाईसाहेबांचे म्हणणे स्पष्ट होते. “मदरसा सुटणार नाही. आणि ते मैदान आपलं नाही. तिथं दारू चालते, शिव्या चालतात.”

मी एकदा विचारले, “भाईसाहेब, इतक्या वर्षांत एकदा तरी आत जाऊन पाहिलंत?”

“कोणी बोलावलं नाही, आपा.” थोडे थांबून ते म्हणाले, “बोलावलं असतं तरी गेलो नसतो.”

त्यांची भीती खोटी होती असे मला वाटले नाही. ज्याची टोपी उडाली आहे त्याला, आता काळ बदलला, असे तोंडाने सांगून चालत नाही.

१६ मे रोजी, मंगळवारी, केनिलवर्थ रोडवर संडरलँडविरुद्ध उपांत्य फेरीचा दुसरा सामना होता. पहिला सामना लुटन १-२ हरला होता. तिकिटे कधीच संपली होती. मैदानात माणसे मावतात जेमतेम दहा हजार. सामना रात्री आठला. मे महिन्यात तेथे त्या वेळी लख्ख उजेड असतो. आम्ही घरात बसलो होतो, खिडकी उघडी होती. दहाव्या मिनिटाला जो आवाज आला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. कपाटातल्या बश्या वाजल्या. टीव्हीवर गोल दिसला तो काही क्षणांनी. नातू म्हणाला, “नानी, आपल्याला टीव्हीच्या आधी कळतं!” मध्यंतराच्या थोडे आधी दुसरा आवाज आला. कर्णधार टॉम लॉकियरचा गोल. त्यानंतर काही मिनिटांत मगरिबची वेळ झाली. भाईसाहेब मशिदीत जायला निघाले. दारातच थांबून त्यांनी नातवाला विचारले, “किती झाले?” “दोन, दादाजान.” “पुरे होतील का?” “पुरे होतील.” ते गेले. या घरात त्यांनी गुण विचारण्याची ही पहिलीच वेळ, असे लेक मागाहून मला म्हणाली. दोन पुरे झाले.

अंतिम सामना २७ मे रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, कॉव्हेंट्री सिटीविरुद्ध. हा सामना जिंकणारा प्रीमियर लीगमध्ये जातो आणि त्यामुळे क्लबला किमान १७ कोटी पौंड मिळतात, असा अंदाज त्या वेळी सांगितला जात होता. प्रेक्षक ८५ हजारांवर. आमच्या बैठकीत आम्ही, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आणि समोरच्या घरातली एक वृद्ध इंग्रज बाई. ती चाळीस वर्षे समोर राहते, तिचा नवरा क्लबचा जुना समर्थक होता. तो वारल्यापासून ती सामना एकटीच बघत असे. लेकीने तिला बोलावले. ती केक घेऊन आली आणि दारातच म्हणाली, यात चरबी नाही, दारू नाही, मी डब्यावरचे सगळे वाचून आणले आहे. चाळीस वर्षांत तिलाही एवढी माहिती झाली होती.

सामना सुरू होऊन थोडा वेळ गेला आणि लॉकियर मैदानावर एकाएकी कोसळला. कोणी धक्का दिला नव्हता. खोलीत सगळे चिडीचूप. भाईसाहेबांच्या तसबीहचे मणी तेवढे वाजत होते. त्याला दवाखान्यात नेले. तो शुद्धीवर आहे असे कळले तेव्हा आमच्या बैठकीत अल्हम्दुलिल्लाह आणि थँक गॉड एकाच वेळी म्हटले गेले. २३ व्या मिनिटाला जॉर्डन क्लार्कने लुटनचा गोल केला. मध्यंतरात आम्ही अस्र पढलो. आम्ही कोकणी शाफई असल्याने आमची अस्र लवकर होते. भाडेकरू हनफी, त्यांची वेळ व्हायची होती, ते टीव्हीपाशी बसून राहिले. दुसऱ्या डावात गुस्ताव्हो हामरने बरोबरी साधली. जादा वेळही संपला आणि गोष्ट पेनल्टींवर आली. दोन्ही संघांच्या पहिल्या पाचही पेनल्टी गोल झाल्या. लुटनची सहावीही. कॉव्हेंट्रीच्या फँकाटी डाबोची मात्र गोलखांबावरून गेली. ६-५.

बाहेर गल्लीत एकदम गलका झाला. डन्स्टेबल रोडवर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले ते रात्री उशिरापर्यंत. सलवार-कमीजवर नारिंगी मफलर गुंडाळलेल्या मुली मी त्या दिवशी पाहिल्या. मिठाईवाल्याने दुकानासमोर ताट धरले होते, गोरे-काळे-सावळे सगळे हात त्यात पडत होते. समोरची बाई आमच्या दारात उभी राहून रडत होती. भाईसाहेबांनी तिला खुर्ची आणून दिली. पन्नास वर्षांत सामन्याच्या दिवशी त्या घराचे दार उघडे राहिले ते त्या संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की पेनल्टी चुकवणाऱ्या डाबोला त्याच्या वर्णावरून घाणेरड्या शिव्या लिहून पाठवल्या गेल्या. म्हणजे टोपी उडवणारे अजून आहेत. जावयांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि वडिलांकडे पाहिले. मला वाटले, आता भाईसाहेब म्हणणार, बघ, मी सांगत होतो. ते तसे म्हणाले नाहीत. त्यांनी विचारले, “त्याच्या क्लबनं काय केलं?” जावयांनी सांगितले, क्लब त्याच्या पाठीशी उभा राहिला. म्हातारा बराच वेळ पेला हातात धरून बसला. मग नातवाला म्हणाला, “मंगळवारी आणि गुरुवारी फजरनंतर माझ्यापाशी बसायचं. सबक मी घेईन. एकही दिवस चुकला तर संध्याकाळचं खेळणं बंद.”

त्या उन्हाळ्यात मी परत येईपर्यंत नातवाचा एकही सबक चुकला नाही. फजर तेथे जूनमध्ये फार लवकर होते. डोळे चोळत तो खाली यायचा, पायांत फुटबॉलचे मोजे आधीच चढवलेले असत.

प्रीमियर लीगचा एक हंगाम लुटन टाऊनने पाहिला. केनिलवर्थ रोड त्या लीगच्या इतिहासातल्या सर्वांत लहान मैदानांपैकी एक ठरले. डिसेंबरमध्ये बोर्नमथच्या मैदानावर लॉकियर पुन्हा कोसळला. या वेळी त्याचे हृदय काही काळ थांबलेच होते. नातवाने फोन करून दुआ करायला सांगितले. अल्लाहच्या कृपेने तो वाचला. मे २०२४ मध्ये क्लब १८ व्या क्रमांकावर राहून खाली उतरला आणि पुढच्याच वर्षी आणखी एक इयत्ता खाली, तिसरीत गेला. त्याच २०२५ च्या मार्चमध्ये लुटनचा व्हॉक्सहॉल कारखाना कायमचा बंद झाला. १९०५ साली शहरात आलेल्या दोघांपैकी एक गेला आणि दुसरा घसरला. ज्या लाइनवर भाईसाहेबांनी उमेदीची वर्षे काढली, तो कारखानाच उरला नाही. त्या महिन्यात ते फोनवर फारसे बोलत नसत.

मला वाटले होते, आता नातवाचे वेड ओसरेल. वर चढलेल्याचे सगळेच सोबती असतात. झाले उलटे. क्लब वर असताना तिकीट मिळत नव्हते. खाली आल्यावर मिळू लागले. गेल्या शरद ऋतूत एका शनिवारी नातवाने तीन तिकिटे काढली, स्वतःसाठी, बापासाठी आणि दादाजानसाठी. जोहरची नमाज पढून तिघे निघाले. दोनशे पावलांचे ते अंतर चालायला भाईसाहेबांना बावन्न वर्षे लागली. रात्री त्यांचा फोन आला. सामना कसा झाला ते त्यांनी सांगितलेच नाही. म्हणाले, “आपा, आतून एवढंसं आहे हो ते. बाहेरून आम्ही केवढं समजत होतो!” शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने त्यांना चहा आणून दिला, आणि पायऱ्या उतरताना एका मुलाने हात धरला, हेही सांगितले. शिव्या ऐकू आल्या का, असे मी विचारले. “आल्या. पण त्या रेफरीला होत्या,” ते म्हणाले.

आता शहराच्या मध्यभागी, पॉवर कोर्ट येथे क्लबचे नवे, मोठे मैदान बांधायचे ठरले आहे. ते झाले की क्लब बरी पार्क सोडून जाईल आणि जुन्या मैदानाच्या जागी घरे होतील. भाईसाहेबांच्या घराची किंमत कदाचित वाढेल. शनिवारी गल्लीत शांतता असेल. ते मात्र म्हणतात, आत्ता कुठे ओळख झाली होती.

हे सगळे मी लिहिले ते आपल्या वाचकांतल्या आईबापांसाठी, आणि त्याहून जास्त आजी-आजोबांसाठी. आपल्याही मोहल्ल्यांच्या कडेला एखादे मैदान असते, एखादे वाचनालय असते, एखादी तालीम असते, जिथे आपली मुले जात नाहीत. का जात नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा एखाद्या जुन्या शनिवारात असते. ते दुखणे खरे असते, त्याला हसू नये. पण ते मुलाच्या पायांत बांधूही नये. नमाज, सबक, हलाल-हराम यांची शिस्त घरात पक्की असेल, तर मूल मैदानावर जाऊन हरवत नाही. माझा नातू आता चौदा वर्षांचा आहे. तो काही मोठा खेळाडू होणार नाही, असे त्याचा बाप हसत सांगतो. त्याचे कुराण मात्र गेल्या रमजानमध्ये दादाजानपाशी पुरे झाले. मंगळवारी आणि गुरुवारी फजरनंतर दोघे अजूनही एकत्र बसतात. आता आधी आदल्या सामन्यावर बोलणे होते, आणि मग सबक.